विचारून सांगते

मे महिन्याच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून बुऱ्हाणपूरला आली ती एक दोनशेपानी वही छातीशी धरून. मला वाटलं, सुट्टीतला अभ्यास असेल. दोन दिवस ती वही कुणाला दाखवीना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर गहू निवडत बसले होते. वर्षाचा गहू भरायचा होता. पलीकडच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड चालू होती. ही बाई माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली,

"आजी, कुणाला सांगू नकोस. मी एक भाषा बनवतेय."

तेराव्या वर्षी आम्ही भरतकामाचे टाके शिकत होतो. ही भाषा बनवतेय! पण वही उघडून पाहिली तर काम मन लावून केलेलं. पाण्याला एक शब्द, आईला एक शब्द, जाणे, येणे, खाणे, रुसणे, सगळ्याला नवीन शब्द. स्वतःचं व्याकरणही होतं. अनेकवचन कसं करायचं, काल केलं तर काय म्हणायचं आणि उद्या करणार असलं तर काय.

"मग अडलंय कुठे?"

"थिंकला शब्द सापडत नाहीये. मराठीत काय म्हणतात ते सांग, मग मी त्यावरून बनवीन."

मी म्हटलं, "त्यात काय? विचार करणे."

"ते दोन शब्द झाले, आजी. मला एक पाहिजे. खाणे, जाणे तसं."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खरंच की! आपण स्वयंपाक करतो, झाडलोट करतो, तसा विचारही 'करतो'. 'विचारणे' असा शब्द आहे आपल्याकडे, पण त्याचा अर्थ दुसऱ्याला प्रश्न करणे. विचार करण्यासाठी एकटं, आपल्या पायावर उभं असलेलं रोजच्या वापरातलं क्रियापद मला काही केल्या सापडेना. हातातला गहू हातातच राहिला. कारण त्या एका शब्दाशी माझा पन्नास वर्षांचा हिशोब आहे. तो मी नातीला त्या दिवशी सांगितला, आज तुम्हाला सांगते.

पण आधी आमच्या भाषेबद्दल. नातीला दाखवायला मीही काही कमी नाही म्हणून मी सांगितलं, आम्ही बहिणीसुद्धा लहानपणी वेगळी भाषा बोलायचो. माझं माहेर रावेरचं. घरात पंधरा माणसं, कुठे गुपित बोलायची सोय नाही. मग 'च'ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, मागे नेऊन ठेवायचं आणि पुढे 'च' लावायचा. 'मला जिलबी हवी' याचं 'चलाम चलबीजि चवीह'. तुमच्यापैकी निम्म्याजणी आत्ता मनात बोलूनही बघत असतील! आम्ही दोघी इतक्या भरभर बोलायचो की आजी चिडून म्हणायची, पोरींना भूतबाधा झालीय.

नातीने लगेच विचारलं, "मग 'च'च्या भाषेत थिंकला काय?"

मी मनात जुळवलं. "चचारवि चरतेक."

ती खो खो हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पण आजी, ही वेगळी भाषा नाही. मराठीच आहे, नुसती उलटीपालटी केलेली. मराठीत दोन शब्द, म्हणून तुझ्यातही दोन."

पोरगी बरोबर बोलली. आपल्याकडे अशा लपवायच्या युक्त्या पुष्कळ झाल्या. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. पण ते सगळं, जे आहे तेच झाकण्यासाठी. हिला झाकायचं काही नव्हतं. तिला नव्याने काही म्हणायचं होतं.

तिनेच मग मला सांगितलं की अशा बनवलेल्या भाषा जगात पुष्कळ आहेत. पोलंडमधल्या झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली एस्पेरान्तो नावाची भाषा छापून जगापुढे ठेवली. तो लहानपणी ज्या बियालिस्टोक गावात वाढला तिथे पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश अशा चार तऱ्हांची माणसं राहायची आणि एकमेकांशी भांडायची. त्याला पोरवयातच वाटलं, सगळ्यांची मिळून एक भाषा असती तर. त्याच्या भाषेत विचार करणे म्हणजे 'पेन्सी'. त्याला पुढे 'प्री' जोडला की 'प्रीपेन्सी', एखाद्या गोष्टीवर नीट विचार करणे. 'एल' जोडला की 'एलपेन्सी', विचारातून नवीन काही काढणे. आणि कॅनडातल्या सोन्या लँग या बाईने २००१ साली 'टोकी पोना' नावाची भाषा केली, तिच्यात सगळे मिळून शब्द सव्वाशेच्या आसपास. त्यात बोलणे आणि विचार करणे दोन्हीला एकच शब्द, 'टोकी'. जसं काही विचार म्हणजे स्वतःशी बोलणं.

मी म्हटलं, त्या बाईचं मला पटतंय. आपल्याही आयाबाया म्हणतातच, "मी मनात म्हटलं."

बियालिस्टोकचं ऐकून मला आमचं गाव आठवलं. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, पण रावेर इथून हाकेच्या अंतरावर. बाजारात हिंदी, मोहल्ल्यांत उर्दू, खेड्यांतून येणाऱ्यांची निमाडी, आमच्यासारख्यांची मराठी, व्यापारी घरांत गुजराती आणि मारवाडी. गांधी चौकातल्या जामा मशिदीत तर सोळाव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख आहे, तोही अरबी आणि संस्कृत अशा दोन भाषांत. नातीला मी तो मुद्दाम दाखवायला नेलं होतं. दगडावर दोन भाषा चारशे वर्षं न भांडता नांदतायत. आमच्या घरात मात्र दोन भाषांमध्ये एक शब्द असा काही अडकला की त्याची गाठ सुटायला बत्तीस वर्षं लागली.

माझं लग्न १९७१ साली झालं. सासर जैनच, पण गुजराती. पिढ्यान् पिढ्या बुऱ्हाणपुरात कापडाचा व्यापार. सासूबाईंना सगळे 'बा' म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बा गुजराती चौथी शिकलेल्या. मराठी त्यांच्या कानावरून रोज जायची, पण त्या ती ऐकायच्या गुजराती कानांनी. मी जळगावच्या कॉलेजात बी.ए.चं दुसरं वर्ष सोडून बोहल्यावर चढलेली.

लग्नाला चार महिने झाले असतील. गावातल्या एका मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई आमच्याकडे आल्या. मराठी शिकवायला त्यांना कुणी मिळत नव्हतं. बा झोपाळ्यावर बसल्या होत्या, मी पाणी घेऊन आले. बाईंनी थेट मलाच विचारलं, "येशील का शिकवायला? दुपारचे चार तास. राहिलेलं बी.ए. बाहेरून बसून देता येईल."

बायांनो, माझ्या छातीत काय धडधड झाली म्हणून सांगू! तोंडात 'हो' आला होता. पण नव्या सुनेने सासूसमोर 'हो' कसं म्हणायचं? म्हणून मी आपलं आपल्या पिढीला शिकवलेलं वाक्य म्हटलं.

"विचारून सांगते."

अर्थ उघड होता. ह्यांना विचारते, बांना विचारते, मग सांगते. बाईंनी मान डोलावली. बांनीही मान डोलावली. चहा झाला, बाई गेल्या.

मग मी वाट बघायला लागले. म्हटलं, बांनी सगळं समोर बसून ऐकलंय. त्यांची मर्जी असेल तर त्या होऊन विषय काढतील. नसेल तर कशाला आपण तोंड वाया घालवा? बा काही बोलेनात. रोज भाजी चिरताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्याही माझ्याकडे बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. ह्यांना विचारायचं तर बांच्या आधी कसं विचारायचं? आठवडा गेला, पंधरवडा गेला. महिन्याने कळलं की ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि मनात एक नोंद करून ठेवली, बांना नको होतं. ती नोंद मी कधी पुसली नाही. बांशी माझं चांगलं जमलं, त्यांनी माझी दोन्ही बाळंतपणं मायेने काढली, पण आत कुठेतरी तो खडा तसाच होता.

२००३ साली, बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं त्या पावसाळ्यात, बा अंथरुणाला खिळल्या. मी त्यांच्या पायाला तेल लावत बसले होते. त्यांनाच काय आठवलं कोण जाणे. म्हणाल्या, "वहु, पेली निशाळनी नोकरी याद छे? तें घणुं विचार्युं, ने पछी ना पाडी."

ती शाळेची नोकरी आठवते का? तू खूप विचार केलास आणि मग नाही म्हणालीस.

माझा हात थांबला. गुजरातीत 'विचारवुं' म्हणजे विचार करणे. विचारण्याला 'पूछवुं'. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं, बत्तीस वर्षं मी तीच भाषा घरात बोलत होते. पण त्या दुपारशी त्याचा संबंध जोडायचं डोक्यात कधी आलंच नाही. मी म्हटलं होतं, 'विचारून सांगते.' बांनी ऐकलं होतं, 'विचार करून सांगते.'

मी विचारलं, "मग बा, तुम्ही मला एकदा तरी का नाही बोललात?"

त्या म्हणाल्या, "मने कोईए विचारवा न दीधी. थयुं, तने विचारवा दउं."

मला कुणी विचार करू दिला नाही. वाटलं, तुला करू द्यावा.

म्हणजे महिनाभर बा गप्प बसल्या होत्या त्या माझ्यावर राग म्हणून नव्हे, तर माझ्यासाठी. त्यांना आयुष्यात न मिळालेली वस्तू त्या मला देत होत्या आणि मी ती वस्तू समोर असून, कुणीतरी परवानगी देईल म्हणून वाट बघत होते. मी रडत रडत त्यांना सांगितलं, बा, मी तुम्हाला पूछणार होते, मला जायचं होतं. बा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तो पूछ्युं केम नहि?"

मग विचारलं का नाहीस?

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. एका शब्दाने माझी नोकरी घालवली असं म्हणायला सोपं आहे. पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट तशीच, गंमत म्हणून सांगितली. पण खरं बघितलं तर मी विचारही केला नाही आणि विचारलंही नाही. 'विचारून सांगते' हे वाक्य मी पुढे करून तिच्याआड बसले. विचारायचं म्हटलं तर आधी आपल्याला काय पाहिजे ते ठरवावं लागतं. ठरवायची सवय कुणी लावली होती?

आपल्या बोलण्याकडेच जरा लक्ष द्या. घरातल्या पुरुषमाणसाचं 'मत' असतं. आपलं काय असतं? "मला आपलं वाटलं." वाटणे! चटणी वाटतो, पेढे वाटतो, आणि विचार केला तरी तोही 'वाटतो'. बाई क्षणभर गप्प बसली की लगेच, "कसला एवढा विचार करतेस?" जणू दूध उतू चाललंय. हिंदीतलं 'सोचना' तर संस्कृतातल्या ज्या धातूपासून आलं त्याच धातूचा 'शोक'. शेजारीण सांत्वन करते तेव्हाही म्हणते, "ज्यादा मत सोच." गोव्याची कोकणी तेवढी बरी, तिथे 'चिंतप' म्हणजे सरळ विचार करणे. आपल्याकडे मात्र पुरुषाचं 'चिंतन' आणि बाईची 'चिंता'.

आणि 'विचार' हा शब्द मुळात किती चांगला आहे! 'वि' आणि 'चर्', म्हणजे हिंडणे. साधुसाध्वी गावोगाव विचरण करतात तो हाच धातू. मनाने मोकळं हिंडून यावं आणि मग बोलावं. माझं मन त्या महिन्यात उंबऱ्याच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकायला धजलं नव्हतं.

नात गालावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या भाषेत विचार करणे आणि विचारणे एकमेकांसारखे ऐकू यायलाच नकोत."

मी म्हटलं, अगदी बरोबर. आणि मग मला पाठशाळेतलं एक आठवलं. तुम्हालाही पाठ असेल. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. लहानपणी मी त्या घोकून स्टीलची वाटी बक्षीस मिळवली होती. अर्थ विचारला असता तर वाटी परत द्यावी लागली असती! नातीला जुन्या उदाहरणानेच सांगितलं. लांब काहीतरी पांढरं दिसलं, एवढंच कळलं, तो अवग्रह. बगळा आहे की पताका, हे जाणून घ्यायची ओढ लागली, ती ईहा. पंख हलले, वरखाली झालं, म्हणजे बगळाच, असा निश्चय झाला, तो अवाय. आणि तो निश्चय मनात टिकून राहिला, ती धारणा.

सांगता सांगता माझीच मी थांबले. शाळेच्या बाई घरी आल्या, तो माझा अवग्रह. छातीत धडधडलं ती ईहा. आणि अवाय? तो झालाच नाही. मी निश्चय केलाच नाही. आणि तरी पन्नास वर्षं धरून ठेवलं! धारणा झाली ती न केलेल्या निश्चयाची. पाठशाळेच्या ताई म्हणाल्या असत्या, शास्त्रात असं बसत नाही. पण बायकांच्या आयुष्यात बसतं. किती जणींच्या मनात अशा अर्ध्या पायरीवर राहिलेल्या गोष्टी असतील.

नातीने मात्र यातलं दुःख घेतलं नाही, काम घेतलं. तिने माझ्या मांडीवरचं ताट बघितलं. "आजी, हे तू करतेयस त्याला काय म्हणतात?"

"निवडणे. खडा वेगळा, दाणा वेगळा."

"मग थिंक म्हणजे हेच की." आणि तिने वहीत लिहिलं, 'निव'. एक मूळ आणि चार शेपट्या. दिसलं त्याला एक, ओढ लागली त्याला एक, ठरलं त्याला एक, लक्षात राहिलं त्याला एक. विचारण्याला तिने अगदी लांबचा, वेगळ्याच आवाजाचा शब्द ठेवला. आणि व्याकरणाच्या पानावर नियम लिहिला की 'निव' ज्याचं त्यानेच करायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं रूप या क्रियापदाला नाही. मी तिला म्हटलं, हा नियम तू मराठीतही लागू कर गं बाई.

तिची ती भाषा कुणी बोलणार नाही हे तिलाही माहीत आहे. पुढच्या सुट्टीत कदाचित वहीसुद्धा हरवेल. पण दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द लागतात, एवढं तेराव्या वर्षी तिच्या हाताला लागलं. मला ते लागायला सत्तरी उलटावी लागली.

नात गेली. जुलैत आमच्या महिला मंडळाच्या दोघीजणी घरी आल्या. या वर्षी अध्यक्षपद मी घ्यावं असा सगळ्यांचा आग्रह होता. सून चहा घेऊन आली, मुलगा पेपर वाचत बसला होता. सवयीने माझ्या जिभेवर तेच आलं, 'विचारू...' आणि मी जीभ आवरली. म्हटलं, "विचार करून सांगते." दोन शब्द लागले तर लागले.

आणि खरोखर केला. दोन दिवस, सकाळी सामायिक आटोपल्यावर, एकटी गच्चीवर बसून. कुणालाही पूछलं नाही. मला काय करायला आवडतं, काय आता झेपत नाही, कशाचा नुसता मोह आहे, एकेक दाणा वेगळा केला. तिसऱ्या दिवशी फोन करून कळवलं की अध्यक्षपद नको. त्यापेक्षा रविवारी पाठशाळेतल्या मुलींना तासभर मराठी वाचायला शिकवीन.

फोन ठेवला आणि बांची आठवण आली. त्यांचं वाक्य बत्तीस वर्षं चुकीचं होतं, वर आणखी वीस वर्षं मी ते काट्यासारखं जपलं. आता ते खरं झालं. तें घणुं विचार्युं, ने पछी ना पाडी.